कम्फर्ट झोन तोडायच्या आठ आठवड्यांच्या कोर्सचा रिव्ह्यू: बाहेर नेतात, परत आणायचं विसरतात

आधीच सांगते, कोर्सचं नाव लिहिणार नाहीये. एक तर भांडत बसायची इच्छा नाही, आणि दुसरं म्हणजे असे कोर्स आता इतके झालेत की तुम्ही जो घ्यायचा विचार करताय तो याचाच चुलतभाऊ असणार, त्यामुळे नाव कळून फार काही फरक पडणार नाही. ॲपवर चालतो. छप्पन्न दिवस, रोज पहाटे पाचला त्या दिवसाचं टास्क येतं, सोबत कोचचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, आणि चाळीसेक जणांचा ग्रुप. टास्क केलं की टिक मारायची, टिक मारली की स्क्रीनवरची आग थोडी मोठी होते, एक दिवस चुकला की आग विझते आणि मोजणी परत शून्यापासून. एवढंच आहे सगळं. मी स्वतःच्या पैशाने घेतला, कुणी फुकट दिलेला नाही.

घेतला कशाला, तर गेल्या तीन-चार वर्षांत माझं जगणं आखडत आखडत चाललं होतं आणि मला ते कळतही नव्हतं. अनोळखी नंबर आला की उचलायचा नाही, मग मेसेज करून विचारायचं कोण. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद आणि म्युट. दोन मजले चढायचे तरी लिफ्टची वाट बघत उभं राहायचं. एक दिवस लिफ्ट बंद होती, पिशवी घेऊन तिसरा मजला चढले आणि वर पोचल्यावर किल्ली कुलपात घालता येईना इतका हात थरथरत होता. चव्वेचाळीस वय आहे माझं, चौऱ्याऐंशी नाही. त्याच रात्री ही जाहिरात दिसली आणि मी भरले पैसे. (अशा जाहिराती बरोब्बर अशाच रात्री कशा दिसतात देव जाणे.)

दादालाही ओढलं सोबत. दादा एक्कावन्न वर्षांचा, कॉलेजात असताना कबड्डी खेळायचा आणि अजून मनाने तिथेच आहे. त्याचं पुढे येईलच.

चांगलं आधी सांगते, कारण चांगलं खरंच चांगलं आहे. टास्क तीन प्रकारची असतात, शरीराची, सवयीची आणि माणसांची. त्यातली माणसांवाली टास्कं ज्याने कुणी लिहिलीत त्याला माझा नमस्कार. पहिल्या दिवशी फक्त एवढंच की ज्याला मेसेज करणार होता त्याला फोन करा, ओळखीच्याच माणसाला. चौथ्या दिवशी कुठल्यातरी ऑफिसात फोन करून एखादी माहिती विचारा. नवव्या दिवशी मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारा, एकच, आणि तो आधी कागदावर लिहून ठेवला तरी चालेल. सोळाव्या दिवशी कागदाशिवाय. म्हणजे पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा वीतभरच उंच.

नवव्या दिवसाचं सांगते. प्रश्न लिहून कागद कीबोर्डला टेकवून ठेवला होता, साधाच प्रश्न, डेडलाईन सोमवार धरायची की मंगळवार. माझी पाळी यायच्या आधीच कानात ठोके ऐकू यायला लागले, हात गार, तोंड कोरडं, आणि मनात पक्कं की आवाज फाटणार. अनम्युट केलं. आवाज फाटला पण. पहिला शब्द नीट फुटलाच नाही, खाकरून परत सुरू करावं लागलं. आणि समोरचा माणूस म्हणाला "मंगळवार" आणि पुढचा मुद्दा सुरू. संपलं! मी पुढची पाच मिनिटं कुणीतरी हसेल, काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत बसले होते, कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या पाच मिनिटांत ठोके हळूहळू खाली आले ते मी अक्षरशः मोजले.

हे जे झालं ना, याला जुना आधार आहे. मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावर काम केलं होतं, मूल मजेत खात बसलेलं असताना ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवायचा, दुसऱ्या दिवशी थोडा जवळ, मग आणखी जवळ, असं करत शेवटी मूल सशाला हात लावायला लागलं. पुढे १९५८ च्या सुमाराला जोसेफ वोल्पे यांनी यातून भीतीच्या पायऱ्या करून एकेक चढायची रीतसर उपचारपद्धत मांडली, आणि आजही भीती आणि चिंतेच्या आजारांवर जे उपचार नीट सिद्ध झालेत त्यात एक्स्पोजर थेरपी आहे. कारण साधं आहे, आपण टाळतो तेव्हा त्या क्षणी बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या वेळी टाळायला शिकवतं, म्हणून भीती न वापरताही वाढत जाते. माझा फोन न उचलणं असंच वाढलं होतं. आता उचलते. या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी साडेचार द्यायला तयार होते. अर्धा यासाठी कापला की ज्यांना खरंच पॅनिक अटॅक येतात किंवा ज्यांच्या बाबतीत काही वाईट घडून गेलेलं आहे अशांनी हे एकट्याने ॲपवर न करता माणसासमोर बसून करावं, हे कुठेही लिहिलेलं नाही.

आता गार पाणी.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज गार शॉवर, तीस सेकंदांपासून सुरू आणि मग वाढवत वाढवत पाच मिनिटं. पहिल्या दिवशी नळ फिरवला, पाणी पाठीवर पडलं आणि माझा श्वास आत गेला तो बाहेरच येईना, म्हणजे एक मोठ्ठा हबका आणि मग कुत्र्यासारखं धापणं, मोजायचं ठरवलं होतं तीस पण मला दहाच्या पुढचे आकडे आठवेनात. बाहेर आले तेव्हा मात्र डोकं लख्ख, गाल गरम, आणि उगाच हसू येत होतं. ते खोटं नाही. आठवडाभरात तो हबकाही कमी झाला, शरीर शिकतं ते. कोच व्हिडिओत सांगतो की गार पाण्याने इम्युनिटी वाढते, आजार पळतात, जितका वेळ जास्त तितका फायदा जास्त. इथे मला खुमखुमी आली आणि मी शोधायला गेले. नेदरलँड्समध्ये ३०१८ लोकांवर प्रयोग झालाय, २०१६ मध्ये छापून आलाय, गरम शॉवर घेऊन शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार. आजारपणाच्या सुट्ट्या २९ टक्क्यांनी कमी झाल्या. छान ना? पण आजारी असलेले दिवस काही कमी झाले नाहीत, लोक आजारी तेवढेच पडले, फक्त कामावर जास्त गेले. आणि ३० सेकंदवाले आणि ९० सेकंदवाले यांच्यात फरक नाही. म्हणजे ते पाच मिनिटांचं प्रकरण कोचने कुठून आणलं ते कोचलाच माहीत. वर त्या प्रयोगात गंभीर आजार असलेले लोक घेतलेच नव्हते.

आणि तो जो हबका आहे त्याला कोल्ड शॉक म्हणतात, अचानक गार पाण्याने श्वास सुटतो, ठोके आणि ब्लड प्रेशर झटकन चढतं, पहिली दोन-तीन मिनिटं. शॉवरखाली निभावून जातं, पण आमच्या पाचव्या आठवड्याच्या "बोनस टास्क"मध्ये थेट थंड पाण्यात उडी मारायची होती, जवळ तलाव असेल तर उत्तम म्हणे! पाण्याखाली तोंड असताना तो हबका आला तर पाणी सरळ छातीत जातं, पट्टीचे पोहणारेसुद्धा यात बुडतात. शिवाय तोंड गार पाण्यात गेलं की शरीर ठोके मंद करायला बघतं आणि अंगाला गारठा लागला की ठोके वाढवायला, दोन्ही एकदम झालं की हृदयाची लय बिघडू शकते. त्या टास्कखाली इशारा काय होता तर "मनाची तयारी ठेवा". बस्स.

शरीराच्या टास्कांबद्दल मी सगळ्यात जास्त आशा धरून होते, कारण कुलपासमोर थरथरणारा हात आठवत होता. आणि बाहेर पडायला हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच विशीतल्या मुलांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं होतं, तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पन्नाशीत परत तपासलं तर असं दिसलं की तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या दमाची जितकी वाट लावली नव्हती त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने लावली होती. हे वाचून मी सोफ्याकडे बघितलं आणि सोफ्याने माझ्याकडे. हाडांचंही तसंच, भार पडला नाही तर हाड स्वतःला पातळ करून घेतं, अंतराळात जाणाऱ्यांचं कंबर-मांडीचं हाड महिन्याला एक-दीड टक्का कमी होतं. तेव्हा शरीराला थोडा त्रास द्यायलाच लागतो, लाड करून भागत नाही.

पण थोडा म्हणजे किती? ॲपचं उत्तर, सगळ्यांना सारखा. अकराव्या दिवशी दोनशे उठाबशा. विशीतल्या मुलीला दोनशे, मला दोनशे, दादाला दोनशे. मी केल्या, चार भागांत, शेवटच्या पन्नास भिंतीला धरून. दुसऱ्या दिवशी बरी होते. तिसऱ्या दिवशी कमोडवर बसायला गेले आणि मांड्यांनी साथच सोडली, धपकन बसले, आणि उठताना टॉवेलच्या दांडीला धरलं तर दांडीच हातात आली. नवरा बाहेरून "काय पडलं गं?" आणि मी आत हसतेय की रडतेय मलाच कळत नव्हतं.

यावर ग्रुपमध्ये विचारलं तर कोचचं उत्तर, "दुखतंय म्हणजे काम चालू आहे, आजचं टास्क डबल करा." आता मला माहितीये की नवीन व्यायामानंतर स्नायू एक ते तीन दिवस दुखतात, ते नॉर्मल आहे, आपोआप जातं आणि पुढच्या वेळी कमी दुखतं. पण त्याच्या पलीकडे अजून एक गोष्ट असते जी कुणी सांगत नाही. सवय नसताना प्रमाणाबाहेर व्यायाम केला तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि ते किडनीला झेपत नाही, रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. खूण काय, तर लघवी गडद तपकिरी होते, दुखणं आणि सूज नेहमीपेक्षा फारच जास्त, आणि हातपाय उचलायला ताकदच राहत नाही. असं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते, सरळ दवाखाना. मला तसं काही झालं नव्हतं. पण लघवीचा रंग बघायचा असतो हे मला माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने सांगितलं, ज्या कोर्सला मी पैसे भरले त्यांनी नाही. ती म्हणाली, "अगं, दोनशे उठाबशा वाईट नाहीत, सुरुवातीलाच दोनशे वाईट. वीस कर, आठवड्याने पंचवीस कर, कंटाळा येईल इतकं हळू वाढव." कंटाळा येईल इतकं हळू. हे वाक्य मी फ्रिजवर लावलंय.

दादाचं आता. दादाला कबड्डीचं भूत. त्याने दोनशे उठाबशा एका दमात मारल्या आणि ग्रुपवर फोटो टाकला, आगीचा वर्षाव झाला त्याच्यावर. मग एकोणिसाव्या दिवशी टास्क आलं की वीस मिनिटं जिवाच्या आकांताने पळा, म्हणजे शब्दशः "बोलता येणार नाही इतकं". दादा पळायला निघणार त्याच्या आधीच वहिनीचा मला फोन, की हा जिना चढताना हल्ली मध्येच थांबतो आणि विचारलं तर बुटाची लेस बघत होतो म्हणतो. चपलेला कुठली लेस, वहिनी म्हणाली. मी दादाला म्हटलं पळू नकोस, आधी डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, "अगं, हेच तर सोडायचंय ना, ही भीती? तूच आणलंस मला इथे." आणि मला दोन मिनिटं काही बोलताच येईना, कारण खरंच मीच आणलं होतं आणि कोर्सच्या भाषेत त्याचं बरोबर होतं.

शेवटी वहिनीने त्याचे बूट लपवले (हा उपाय कुठल्याही ॲपवर मिळणार नाही) आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. स्ट्रेस टेस्टमध्ये (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) दोष निघाला, औषधं सुरू झाली, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. नीट ऐका, झोपून राहायला नाही सांगितलं, चालायलाच सांगितलं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, आणि हळूहळू वाढवत. बाहेर पडायचंच आहे, पण दार कुठलं ते बघून.

नंतर मी एक अभ्यास वाचला आणि अंगावर काटा आला. १९९३ चा आहे, मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, हार्ट अटॅक आलेल्या १२२८ लोकांना विचारलं होतं की अटॅकच्या आधीच्या तासात काय करत होतात. दमछाक होईल इतके जोराचे श्रम केल्यावरच्या तासाभरात धोका एरवीच्या जवळपास सहापट निघाला. पण तो आकडा फोडून बघितला की खरी गोष्ट कळते. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांना तोच धोका फक्त २.४ पट, आणि एकदाही न करणाऱ्यांना १०७ पट! तेच श्रम, तोच एक तास. एवढा गुणाकार झाला तरी एका तासातली जोखीम मुळात बारीकच असते, त्यामुळे हे वाचून कुणी परत सोफ्यावर जाऊन बसू नका, उलट रोज थोडंथोडं करणाऱ्यालाच संरक्षण मिळतं असं त्यातून दिसतं. फक्त वर्षानुवर्षं न हललेल्या माणसाला एकोणिसाव्या दिवशी "बोलता येणार नाही इतकं" पळवायचं नसतं.

आणि हे टाळणं अवघड पण नाही. पार-क्यू म्हणून सात प्रश्नांचा साधा फॉर्म असतो, कॅनडात सत्तरच्या दशकात तयार झालेला, छातीत दुखतं का, चक्कर येते का, डॉक्टरने हृदयाचं काही सांगितलंय का, हाडा-सांध्यांचा त्रास आहे का, औषधं चालू आहेत का, असे. एकाला जरी हो असेल तर आधी डॉक्टर. सात प्रश्न! ॲपने सुरुवातीला मला अकरा प्रश्न विचारले होते, मला आठवतंय, त्यात माझा आवडता रंग होता, मला "योद्धा" म्हणावं की "प्रवासी" हे होतं, तब्येतीचा एकही नव्हता.

पहाटे पाचबद्दल थोडक्यात. उठणं वाईट नाही, पण मी रात्री बाराला झोपते कारण माझं काम तसं आहे, आणि ॲपमध्ये उठायची वेळ मोजतात, झोपायची नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. मी तीन आठवडे पाच तासांवर काढले आणि त्याला शिस्त समजत होते. शिस्त कसली, दुपारी दोनला स्क्रीनवरच्या ओळी हलायच्या आणि घरात सगळ्यांवर खेकसत होते.

मग तेविसावा दिवस. रात्रीच अंग मोडून आलं होतं, पहाटे नोटिफिकेशनने जाग आली तेव्हा ताप १०१ च्या वर. आणि मी, शहाणीसुरती बाई, उठून बाथरूममध्ये गेले, गार शॉवर चालू केला, आणि नळाखाली हात धरून उभी राहिले. हात आत, बाकीची मी बाहेर. बावीस दिवसांची आग विझेल म्हणून. मला हे लिहितानाही लाज वाटतेय. तापात आणि त्यातही व्हायरल असताना अंगाला असा ताण द्यायचा नसतो, जोराचा व्यायाम तर नाहीच, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, हे मला माहीत होतं! माहीत असून मी उभी होते. शेवटी दात इतके वाजायला लागले की नळ बंद केला, अंथरुणात शिरले, आणि टिक न मारता फोन उशीखाली घातला. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर राखेचं चित्र आणि खाली "निमित्तं सोडा, परत सुरू करा". ताप हे निमित्त!

तिथे मला या कोर्समध्ये काय खटकतंय ते सापडलं. हे लोक तुम्ही किती बाहेर गेलात ते मोजतात, परत कसे आलात ते कधीच विचारत नाहीत. छप्पन्न दिवसांत एकदाही "काल रात्री झोप कशी लागली", "कालचं दुखणं उतरलं का" असा प्रश्न नाही. आणि तब्येतीचं सगळं तर त्या परत येण्यातच होतं. उठाबशा मारताना स्नायू मजबूत होत नाहीत, नंतर झोपेत आणि विश्रांतीत होतात. मीटिंगमध्ये माझी भीती कमी झाली ती अनम्युट करताना नाही, नंतरच्या त्या पाच मिनिटांत ठोके खाली आले तेव्हा. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणावरचं पहिलं गाजलेलं टिपण छापलं ते उंदरांवरच्या प्रयोगांचं होतं, आणि उंदरांना जे जे दिलं होतं त्यात काय काय होतं बघा, गारठा आणि अति व्यायाम! म्हणजे आमच्या कोर्सची पहिली बॅच तीच म्हणायची. सुरुवातीला शरीर गडबडतं, मग सरावतं, दणकट झाल्यासारखं वाटतं, आणि मारा थांबलाच नाही तर एक ते तीन महिन्यांत कोसळतं. मधल्या टप्प्यावर उंदराला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, जबरदस्त कोर्स आहे, सगळ्यांनी करा. पुढे १९९३ मध्ये ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलार यांनी सतत ताणात राहिल्याने शरीराची जी झीज साठत जाते तिला ॲलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं. त्यात ताण येणं हा दोष नाही, ताण उतरत नाही हा दोष.

अजून एक गंमत, कम्फर्ट झोन हा शब्द मुळात या मोटिव्हेशनवाल्यांचा नाहीच. १९२३ मध्ये हीटिंग-व्हेंटिलेशनच्या इंजिनिअरांनी खोलीतली हवा किती गरम आणि किती दमट असली की माणसांना बरं वाटतं ते शोधून काढलं, त्या पट्ट्याला कम्फर्ट झोन म्हणत. तो कुणी तोडायला काढला नव्हता, त्यात माणसाला आणून बसवायचं म्हणूनच शोधला होता.

तर तेविसाव्यानंतर मी कोर्स सोडला नाही, पण त्यांच्या पद्धतीने केला नाही. गार पाणी शेवटची तीस सेकंद, बरी असेन त्या दिवशीच. उठाबशा विसावरून, आता साठ होतात आणि दांडी जागेवर आहे. उठायचं साडेसहाला. माणसांवाली टास्कं सगळी केली, अगदी शेवटचं वीस जणांसमोर पाच मिनिटं बोलायचंसुद्धा, ते मी ऑफिसात केलं. आणि रोज सकाळी वहीत एक आकडा, कालच्यापेक्षा बरं वाटतंय की वाईट, दोन दिवस सलग वाईट असेल तर तिसऱ्या दिवशी काही नाही, नुसतं चालणं. ॲपच्या हिशेबात त्यानंतर माझी आग तीनच्या वर कधी गेली नाही. तिसरा मजला मात्र पिशवीसकट चढते आणि किल्ली पहिल्या झटक्यात लागते.

घ्यावा का? बोलायची, फोनची, चारचौघांत जायची भीड असेल, बाकी तब्येत ठणठणीत असेल आणि स्वभावाने तुम्ही आळशी असाल तर घ्या, उपयोग होईल. ब्लड प्रेशर, हृदय, गरोदरपण, नुकतंच आजारपण किंवा ऑपरेशन यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. मुळातच जे कामाने पिळून निघालेत, ज्यांची झोप आधीच उडालीये, त्यांनी अजिबात नाही, त्यांचं जगणं आधीच रोज झोनच्या बाहेर चाललंय, त्यांना आत यायचा कोर्स पाहिजे. आणि एक प्रकारच्या लोकांसाठी तर हा घातक आहे, ज्यांना एमई म्हणजे क्रॉनिक फटीगचा आजार आहे किंवा एखाद्या आजारपणानंतर असं होतंय की थोडं जास्त केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार आडवं व्हायला होतं. तिथे नेट लावून ढकलल्याने माणूस आणखी खाली जातो. उपचार कसे करायचे ते ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ च्या गाइडलाइनमध्ये या आजारासाठी ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला काढून टाकला. आमच्या ग्रुपमध्ये अशी एक ताई होती. तिने आठव्या दिवशी लिहिलं की मी टास्क केलं की दोन दिवस उठवत नाही, त्यावर तिला बत्तीस जणांनी आगीचं चिन्ह पाठवलं, त्यात मीही होते. दहाव्या दिवसानंतर ती दिसली नाही. तिला वेगळा मेसेज करून माफी मागितली मी, उत्तर आलं नाही, येईलच असंही नाही.

कस्टमर सर्व्हिस: मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या, सुरुवातीला तब्येतीचे प्रश्न विचारा, आजारपणात आग न विझवता थांबवायची सोय द्या, आणि तलावाचं टास्क काढा. दोन दिवसांनी उत्तर आलं, "तुमच्या प्रवासाबद्दल वाचून आनंद झाला." नंतर हेच ॲपवरच्या रिव्ह्यूत लिहिलं तर चार तासांत रिव्ह्यू गायब, म्हणून इथे लिहितेय. तलावाचं टास्क अजून तसंच आहे, परवा दादाने बघितलं. (हो, दादाने ॲप काढलेलं नाही, बघतो म्हणे फक्त. वहिनीने बूट परत दिलेत पण ॲपवर तिचं लक्ष आहे.)

पाचपैकी अडीच. माणसांवाल्या टास्कांचे दोन आणि त्या पहिल्या गार हबक्यानंतरच्या हसण्याचा अर्धा.

सबस्क्रिप्शन बंद करताना कारण विचारतात, पर्याय चार, "वेळ नाही", "प्रेरणा कमी पडली", "माझं ध्येय पूर्ण झालं" आणि "मी हार मानतोय". मी चौथा निवडला, निदान त्यात खरं वाटेल असं काहीतरी होतं, आणि "मानतोय" बघून लक्षात आलं की हे ॲप बायकाही वापरतात हे सुद्धा यांच्या गावी नाही. त्याला आता तीन आठवडे झाले आणि पहाटे पाचचं नोटिफिकेशन अजून येतंय. ते बंद कसं करायचं कुणाला माहीत असेल तर सांगा, सेटिंगमध्ये सगळीकडे शोधलं.